झाकण काढा म्हणालात का?

तेलाची बाटली झाकणासकट टकलावर घासणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या ऑफिसात, भर सकाळी.

ते आमचे शेजारी, परबभाऊ. गिरणी बंद पडल्यावर लेकीची पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकले आणि मग आम्हा म्हाताऱ्यांचा वर्ग घ्यायला लागले. काय मजेचे दिवस होते ते! मी आपलं विचारलं, "भाऊ, हे सॉफ्टवेअर म्हणजे असतं तरी काय मेलं?"

"वहिनी, समजा मी मशीन. मला डोक्याला तेल लावायला सांगा. तुम्ही सांगाल ते सॉफ्टवेअर."

"बरं, लावा तेल."

झालं! घासायला लागले की बाटली.

"अहो, झाकण!"

"काढा म्हणालात का? मशीनला अक्कल नसते हो. ती सांगणाऱ्याला लागते."

हसून हसून आमच्या कवळ्या निघायच्या बाकी.

पुढे त्यांची बायको, आमची विजू, विसरायला लागली. एकदा गॅस सोडला आणि पेटवायचाच राहिला. लेक संध्या बोरिवलीहून धावत आली. "बाबा, बस झालं. आईला ओट्यापाशी जाऊ देऊ नको."

विजू ओट्यापासून बाजूला झाली. लग्न झाल्यापासून घरातला सकाळचा चहा तिच्या हातचा. आता तोही गेला.

"मला रविवारपर्यंत वेळ दे," भाऊ म्हणाले.

विजेची शेगडी आणली. भिंतीवर शाईने लिहिलेला कागद लावला: पातेलं घे, पाणी घाल, बटण दाब. विजू बोट ठेवून वाचायची, करायची. भाऊ दारात उभे. मध्येच ती अडली की कानामागची पेन्सिल काढून तिथे एक ओळ वाढवायचे.

"चुकलं का हो माझं?"

"तुझं नाय गो, विजू. माझी ओळ राहिली."

रविवारी संध्या आली. आम्ही सगळे दारात, भाऊ खिडकीपाशी. विजूने चहा केला, गाळला, बटण बंद केलं. संध्या एवढंच म्हणाली, "राहू दे शेगडी."

कप विसळायला म्हणून मी ओट्यापाशी गेले, तेव्हा कागद वाचला. सगळ्यात खाली, पेन्सिलीने, एक ओळ होती:

'दुसरा कप खिडकीपाशी बसलेल्या माणसाला दे. तो तुझा नवरा आहे.'