सुभेदार काकांचा ब्रिगेडचा इतिहास

वाटूरला आमच्या शेजारी राहणारे सुभेदार काका दारात आलेल्या माणसाकडे आधी बघत नाहीत, त्याच्या मागे कोण आहे ते बघतात. मागे कोणी नसलं की संशय वाढतो. "एकटाच कसा काय?" हे दूधवाल्याला रोज ऐकावं लागतं.

फौजेतून येऊन त्यांना पुष्कळ वर्षं झाली. आता ते एकाहत्तरच्या लढाईतला आपल्या पायदळ ब्रिगेडचा इतिहास लिहितात. वह्या ज्वारीच्या कोठीत दडवलेल्या. गॅस सिलिंडरवाल्यानं सहज विचारलं, "काका, काय लिहिता?" तर त्याच्याकडे आधार कार्ड मागितलं. मला हळूच म्हणाले, "माहिती काढून राह्यलाय."

मी शाळेत मराठी शिकवतो, हेही त्यांना पटत नसे. एकदा रस्त्यातच मला तीन समास विचारले. तिन्ही बरोबर आले, तेव्हा जास्तच रोखून पाहिलं.

गावालाही त्यांचा संशय होता. "लढाईत कशाचे गेल्ते? लंगरमधे भाकरी थापल्या असतील," असं लोक हॉटेलात बसून म्हणत. मलाही ते थोडं खरं वाटे.

यंदा त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, लिहिणं-वाचणं बंद. नाइलाजानं वही माझ्या हाती आली.

"शुद्धलेखन तेवढं पाहा. अर्थ काढत बसू नका."

ब्रिगेडनं नदी कशी ओलांडली, पूल कुणी धरला, सगळं चोख होतं. मग एक पान आलं. केदारखेड्याचा शिपाई दगडू. सकाळी पोटात गोळी लागली, जीव गेला दिवस मावळताना. सारखा पाणी मागत होता. पोटाची जखम म्हणून जवळ बसलेल्या माणसानं दिलं नाही. जवळ बसलेले काकाच होते.

"हे असंच झालं?"

"बिलकुल असंच. पण त्याच्या बायकोला मी सांगून आल्तो, जागीच गेला, तरास झाला न्हाई. म्हातारी अजून हाये. नातवंडं शिकलेली हायेत, वाचून दाखवतील." वहीवर हात ठेवून म्हणाले, "मंग काय लिहायचं, मास्तर?"

मी पेन उघडलं. तेच म्हणाले, "लिहा. जागीच वीरमरण."

मी नव्या पानावर लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. जुनं पान फाडून मागितलं, चाचपत घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

"हे माझ्यासंगं जाऊ द्या," म्हणाले.