पुलावरची संयुक्त पाहणी

हे सांगितलं तर अख्ख्या पेडण्यात एक माणूस विश्वास ठेवणार नाही, अशी पैज बाबाजींनी शेवंतीच्या चहाच्या दुकानात लावली. पैज तशी बिनधोक होती. निवृत्त कंडक्टर बाबाजींच्या कुठल्याच गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नसे. शेजारी नात गौरवी उंड्याची कडक साल सोलून आतला मऊ पाव वेगळा ठेवत होती.

मामला गंभीर होता. गौरवी तिसरीत, नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या शाळेत. तीसपर्यंतचे पाढे उलटे म्हणायची, पण घंटा वाजली की कानांवर हात ठेवून बाकाखाली! मुख्याध्यापिका रेश्माबाईंनी बजावलं, "ऑटिझमची तपासणी करून आणा, नायतर पुढच्या वर्षी आम्हांला जमायचं नाही."

सून सुविधा आणि बाबाजी पोरीला घेऊन डिचोलीच्या आरोग्य केंद्रात गेले. तिथले दत्तप्रसाद साहेब मान वर न करता म्हणाले, "राहता पेडण्यात ना? मग पेडण्याला जा."

पेडण्याच्या जयराम साहेबांनी विचारलं, "घरी काय त्रास?"

"घरी काही नाही," सुविधा म्हणाली. "घरी घंटा नसते."

"म्हणजे अडचण डिचोली तालुक्याची. ती तुम्ही परस्पर पेडण्यात आणलीत कशी?"

"रोज दप्तरातून येते, साहेब," बाबाजी बोलून गेले. "पुलावर कोण झडती घेत नाही."

हे बोलायला नको होतं. साहेबांना ते पटलं. अडचण नेमकी कुठल्या तालुक्यात सुरू होते हे ठरवण्यासाठी सक्षम अधिकाऱ्यांची संयुक्त पाहणी पुलावरच करण्याचं ठरलं.

"साहेब, पूल कशाला? पोरीला तपासा हो!" सुविधा काकुळतीला आली.

"पूल आधी. पोर प्रक्रियेच्या शेवटी."

पुलाच्या मधोमध खडूची रेघ ओढली. रेघेवर मेज मांडलं, अर्धं इकडे, अर्धं तिकडे. आपली हद्द सोडायची नाही म्हणून एक साहेब पेडण्यात बसले, दुसरे डिचोलीत. शाळेची घंटा टेम्पोतून आणली. गौरवीनं पेडण्याकडून चालत यायचं आणि ती कान कुठे झाकते ते लिहून घ्यायचं. पण सरकारी कार्यक्रम म्हटल्यावर ढोल आले, कर्णे आले, फटाक्यांची माळ आली. पहिल्याच दणक्याला गौरवीनं कान झाकले. दोन्ही साहेबांनीही झाकले. कारकुनानं झाकले. आता लिहिणार कोण? सगळ्यांचेच हात कानांवर!

"मग हो?" शेवंतीनं किटली खाली ठेवली.

मग काय, शिमेवर, म्हणजे हद्दीवर, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, हे साहेबांनाही ठाऊक होतं. मान वडीलधाऱ्याचा. बाबाजींनी डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा, शिमेच्या राखणदारा! या लेकराची तपासणी जी काय अडली असेल, ती आज तडीस ने रे महाराजा!"

"होय महाराजा!" दोन्ही तालुके एका सुरात ओरडले. कागदावर कधी 'होय' न लिहिलेले साहेब सगळ्यांत मोठ्यानं. सांगता सांगता बाबाजींनी दुकानातच हात उंचावले, तसे बाकांवरचे लोकही गरजले, "होय महाराजा!" गौरवीनं कान झाकले.

बाबाजींना आता चेव चढला. "आणि काय सांगू! तिथल्या तिथे तपासणी झाली. दोन्ही साहेबांनी एकाच पेनानं सह्या केल्या. रेश्माबाईंनी घंटा काढून टाकली आणि पोरीला खिडकीजवळची शांत जागा..."

"खोटं," गौरवी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. दप्तरातून आलेल्या अडचणीला कुणी हरकत घेतली नव्हती, की पुलावरच्या मेजालाही नाही.

"तपासणी झाली नाही. साहेब होय महाराजा म्हणाले, खोबरं खाल्लं आणि गेले."

"आणि बाकीचं गो, बाय?" शेवंतीनं हळूच विचारलं.

"बाकीचं खरं."

तिनं उंड्याच्या साली नीट एका ओळीत लावल्या. मग बाकावरच्यांकडे नाही, त्यांच्या कपांकडे बघत म्हणाली, "तुम्ही पण आत्ता होय म्हणालात. उद्या आईबरोबर केंद्रात कोण कोण येणार?"

सगळे आपापल्या चहावर फुंकर घालू लागले. चहा केव्हाच निवला होता.