महालक्ष्म्यांची हिरवी पावलं

करंज्यांच्या डब्याचं झाकण, तिरपं.

देवघराच्या फळीवर स्टीलची डबी, रिकामी.

एक कडक उपास.

तांब्याचे अणू माळेसारखे ओवले, तर त्यांची पांढरी पूड जांभळ्या टॉर्चखाली हिरवी उजळते.

हे सगळं चौबे कॉलोनीतल्या एकाच घरात, एकाच संध्याकाळी.

गंधालीच्या पीएचडीची दोन वर्षं त्या डबीत होती. पूड चोळली की हिरवा उजेड पिवळा होतो, हे तिला उद्याच बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना दाखवायचं होतं. लॅबचं छत गळत होतं, म्हणून डबी घरी आणून तिनं देवघरात ठेवली. आंघोळीशिवाय तिथं कोणी हात लावत नाही. रमाबाई आंघोळ करूनच आल्या होत्या.

"आई, माझी पूड?"

"ते रांगोळी? महालक्ष्म्यांची पावलं काढली न, दारापासून. किती बारीक उठली, पाह्य!"

"दो साल लगे, आई!"

"मंग रांगोळीसारखी पांढरी काहून केली?"

गंधाली ब्रश घेऊन खाली बसली, तशा रमाबाई आडव्या आल्या. "हात नोको लावू! महालक्ष्म्या घरात हायेत तोवर पावलं मोडत नाहीत. तीन दिवस."

उद्याचं काय? निदान किती पूड शाबूत आहे ते तरी पाहावं, म्हणून गंधालीनं पडदे ओढले, दिवे घालवले आणि टॉर्च लावला. दारापासून महालक्ष्म्यांपर्यंत इवली हिरवी पावलं पेटली.

"अरे वा!" गंधालीच्या बाबांनी, गंगाधररावांनी, फोटो काढला आणि लगेच घरच्या ग्रुपवर टाकलाही.

टॉर्च जरा पुढं सरकला. हिरव्या रांगेतून एक पिवळी रांग फुटली होती. रुंद, माणसाच्या पावलांची. ती उजवीकडं वळून कोठीच्या खोलीत, करंज्यांच्या डब्यापाशी थांबली होती.

गंगाधररावांनी पाय सोफ्यावर घेतले.

"नैवेद्याच्या आधी?" रमाबाई कडाडल्या. "अन् शुगर तीनशेवर!"

"झाकण लागलं का, पाहाले गेलो होतो."

"पाहून आले का खाऊन?"

गंधाली गालात हसत टॉर्च फिरवत होती. तो थबकला. पहिल्या रांगेला लागूनच दुसरी पिवळी रांग होती. अरुंद, अंगठ्याशेजारच्या बोटाला जोडव्याची गोल खूण.

गंगाधररावांनी पाय सोफ्यावरून खाली सोडले.

"आई, तुझा तर उपास ना?"

"गोड बराबर हाय का, तेवढं पाहून राहिली होती," रमाबाई भिंतीकडं बघत म्हणाल्या.

तेवढ्यात बेल वाजली. "रमा, उघड व! फोटो पाहून धावत आली. चमकणारी पावलं मलेबी दाखव!"

शांताबाई. गंगाधररावांच्या थोरल्या बहीण, राहायला मागच्याच गल्लीत. नैवेद्याआधी कोणी चव घेतली म्हणून त्यांनी एकदा पंगतच उठवली होती.

"पोट्टे, पाहून काय राहिली?" रमाबाई कुजबुजल्या. "आण तो ब्रश. उचल समदी!"

"पण तीन दिवस..."

"महालक्ष्म्या आत आल्या न? आता त्यायले पावलं काय करायची?"

शांताबाई दार बडवत होत्या. गंगाधरराव मुलीपुढं पेपर धरून, एरवी कधी वाकत नाहीत इतके वाकले होते. रमाबाई ओल्या फडक्यानं कोठीची वाट पुसत होत्या. पूड पाऊण डबी भरली. परीक्षकांना पुरून उरेल एवढी.

दुपारी बाराला, पावलं काढायच्या आधी, डब्यातल्या पहिल्या चार करंज्या गंधालीनं खाल्ल्या होत्या.