टॉप मॉडेलची किल्ली

छोटी एसयूव्ही घ्यायची, हे चष्मेवाल्यांच्या घरात एका संध्याकाळी ठरलं होतं. बेस मॉडेल घ्यायचं की टॉप मॉडेल, यावरून मात्र महिनाभर धुसफूस चालू होती.

चष्मेवाल्यांचा धंदाच मुळी निवड करायला लावण्याचा. गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं धरायचं आणि विचारायचं, "हे बरं की ते?" गिऱ्हाईक अडखळलं की त्यांना मनापासून राग येई. "अहो, डोळे तुमचे आहेत, मी कसं सांगू?" घरी मात्र ते कुणालाच काही विचारत नसत. त्यांचं ठरलं होतं, बेस मॉडेल.

"चाकं दोन्हीला चारच आहेत. बाकीचा नुसता नट्टापट्टा."

"मागचा कॅमेरा म्हणजे नट्टापट्टा होय?" बायकोने विचारलं.

"मला मान वळवता येते."

"गाडी मी चालवणार आहे."

यावर चष्मेवाले नुसते हसले. खरं भांडण त्या हसण्यावरूनच होतं. बायको फिजिओथेरपिस्ट. घरोघर जाऊन लोकांचे गुडघे आणि खांदे हलते करायचे आणि मशीनची जड बॅग स्कूटरवर दोन पायांत धरून फिरायचं, असं तिचं काम. लायसन्स तिच्याकडे कधीचं होतं. पण जुनी गाडी ती चालवायला बसली की चष्मेवाले शेजारी बसून "अगं, खांब! खांब!" म्हणून ओरडत. खांब बिचारा रस्त्याच्या पलीकडे असे. आठवड्याभरात तिने स्टिअरिंगला हात जोडले आणि परत स्कूटर काढली. आता ही गाडी तिला हवी होती आणि स्वतःसाठी हवी होती. कॅमेरा असला, की नवऱ्याला ओरडायला कारण राहणार नाही, एवढा सरळ हिशोब होता. आणि नवऱ्याला बेस का हवं होतं, हे आता वेगळं सांगायला नको.

शेवटी आई म्हणाल्या, "एकदा चालवून बघा आणि मिटवा. माझे कान किटले." आई म्हणजे चष्मेवाल्यांच्या आई. त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं, म्हणून त्याही गाडीत येऊन बसणार होत्या.

शोरूममध्ये एक कुटुंब नव्या गाडीपुढे फोटो काढत होतं. घरातल्या कर्त्या पुरुषाच्या हातात पुठ्ठ्याची हातभर लांब, सोनेरी किल्ली होती. चष्मेवाल्यांनी तिकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

"चालवायला फक्त टॉप मॉडेल आहे, साहेब," टाय लावलेला सेल्समन म्हणाला.

"असू दे. त्यातल्या खोड्या तरी कळतील."

सेल्समनने किल्ली हातात दिली. ती घालायला गाडीत भोकच नव्हतं. "गाडीत कुठेही असली की झालं, साहेब. बटण दाबायचं." चष्मेवाल्यांनी ती शर्टाच्या खिशात टाकली. त्या खिशात नेहमी दोन बारके स्क्रू ड्रायव्हर, पुसायचं फडकं आणि कुणाचा तरी चष्मा असे. हातात आलेली वस्तू तिथे जायची, हा नियमच होता.

"आणि किल्ली घेऊन मी खाली उतरलो तर?"

"चालू गाडी चालूच राहते, फक्त पीं पीं ओरडते. एकदा बंद केली, की मग किल्ली आल्याशिवाय हलणार नाही."

"बघ," चष्मेवाले मागे वळून बायकोला म्हणाले, "ही पहिली खोडी."

गाडी निघाली. मागच्या सीटवर आईंनी दिसेल ते बटण दाबायला सुरुवात केली. काच खाली गेली, छत उघडलं, कुठूनसा गार वारा यायला लागला आणि समोरच्या पडद्यावर गाण्यांची यादी आली. पट्टा लावायचा त्यांना ठाऊक नसल्यामुळे गाडी पीं पीं करत होती, ते निराळंच.

वाटेत चष्मेवाल्यांचं दुकान लागलं. बंद शटरपुढे रिटायर्ड हेडमास्तर काठी टेकून उभे होते. "चारला या म्हणालास ना? दुकान बंद ठेवून गाड्या कसल्या फिरवतोयस?"

हेडमास्तरांपुढे चष्मेवाल्यांची आजही शाळेतल्यासारखी फे फे उडे. गाडी चालूच ठेवून ते टुणकन खाली उतरले. "एका मिनिटात आलो!" गाडी पीं पीं करत होतीच, त्यात थोडी भर पडली ती कुणाच्या लक्षात आली नाही. उतरता उतरता त्यांनी सेल्समनलाही ओढलं. "तुम्ही मघापासून डोळे बारीक करून सिग्नल बघताय. चला, नंबर बघतो."

"साहेब, मी ड्युटीवर आहे."

"म्हणूनच म्हणतो. गाड्या विकता आणि समोरचं दिसत नाही!"

दुकानात हेडमास्तरांचा नवा चष्मा नाकावर जरा तिरका बसला. स्क्रू ड्रायव्हर काढायला चष्मेवाल्यांनी खिसा काउंटरवर रिकामा केला. तिथे दोन काळ्या डब्या होत्या. एकीत हेडमास्तरांचा जुना चष्मा होता, दुसरी रिकामी आणि उघडी. आता उघडी डबी दिसली, की हातातली वस्तू तीत ठेवून टचकन बंद करायची, ही तीस वर्षांची सवय. किल्ली डबीत गेली आणि टचकन आवाज झाला. हेडमास्तरांनी नवा चष्मा घातला, तीच डबी उचलली आणि ते काठी टेकत बाहेर पडले. उरलेली डबी चष्मेवाल्यांनी खिशात टाकली, तिच्यावर दोनदा हात मारला आणि सेल्समनला खुर्चीत बसवलं.

"हे बरं की ते?"

बाहेर गल्लीत पाण्याचा टँकर येऊन गाडीच्या मागे उभा राहिला होता आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"अहो!" बायकोने हाक मारली.

"एक मिनिट!"

"अहो, टँकर!"

"म्हटलं ना, एक मिनिट!"

टँकरवाल्याने बायकोकडे बघून हात उडवला. बायको खाली उतरली, पुढे येऊन बसली, सीट ओढून घेतली, आरसा नीट केला. तेवढ्यात हेडमास्तर लंगडत आले. हा गुडघाही तिच्याच हाताखालचा. "बसा सर, सोडते तुम्हाला." हेडमास्तर पुढे बसले आणि गाडी सुटली.

ती नुसती बाजूला घ्यायची होती. पण गल्ली एकमार्गी, बाजू कुठेच नाही आणि मागे टँकर. चौकात आल्यावर आई म्हणाल्या, "आलोच आहोत तर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ." हेडमास्तरांना तर घरी जायची घाईच नव्हती. नव्या चष्म्यातून ते लांबलांबच्या पाट्या वाचत सुटले होते. "'गेटसमोर वाहने लावू नयेत.' वा! पाच दुकानं लांब आहे आणि वाचता येतंय! डावीकडून सायकल येतेय, बाई." खांबांबद्दल मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत. एवढ्या शांतपणे बायकोने आजवर गाडी चालवलीच नव्हती.

इकडे चष्मेवाले बाहेर आले, तर गाडी नाही. सेल्समन तर तपासणीचा गोल लोखंडी चष्मा नाकावर ठेवूनच धावत आला. "साहेब, माझी नोकरी!"

"घाबरता काय? किल्ली इथे आहे." चष्मेवाल्यांनी खिसा थोपटला. "जाऊन जाऊन जाईल कुठे? एकदा बंद केली की बसली रस्त्यात. मग मी जाणार, किल्ली दाखवणार आणि विचारणार, आता बोल, बेस की टॉप?"

त्यांनी बायकोला फोन लावला. तो वाजून वाजून थांबला. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, ही शिस्त त्यांनीच लावली होती. मग शेजारच्या इस्त्रीवाल्याची स्कूटर घेऊन दोघे निघाले.

औषधांच्या दुकानात कळलं, की बाई आत्ताच गेल्या.

"म्हणजे गाडी बंद केली नव्हती?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"केली होती की. आई इथे बसल्या, पाणी प्यायल्या. मग बटण दाबलं आणि गेल्या."

चष्मेवाल्यांनी खिसा चाचपला. डबी होती. "बंद केली आणि परत सुरू झाली? किल्लीशिवाय?"

सेल्समन घाबरला होताच, पण त्याच्या आवाजात जरा अभिमानही आला. "साहेब, टॉप मॉडेल आहे शेवटी."

पुढे रस्ताभर चष्मेवाले प्रत्येक वळणावर बंद पडलेली गाडी शोधत होते. रुसलेली बायको, वैतागलेली आई, मागे हॉर्न वाजवणारी रांग, सगळं त्यांनी मनात तयार ठेवलं होतं. असं काहीच दिसेना, तेव्हा मात्र त्यांनी स्कूटर जोरात पिटाळली. कुठे धडकली तर नसेल? "मीच तिला शेजारी बसून शिकवायला हवं होतं हो," ते स्कूटरवरून मागे ओरडले. सेल्समनला काही ऐकू आलं नाही आणि दिसत तर नव्हतंच.

शोरूमच्या दारात दोन कोऱ्या गाड्यांमधल्या बोळात ती एसयूव्ही रिव्हर्स घेऊन अशी सरळ लावलेली होती, की शोरूमचा वॉचमन कमरेवर हात ठेवून बघत होता. आत आई, बायको आणि हेडमास्तर कॉफी पीत होते. चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला.

"अगं, न सांगता गाडी घेऊन जायचं? आणि किल्ली माझ्याकडे असताना?" त्यांनी डबी काढून सगळ्यांसमोर उघडली. आत हेडमास्तरांचा जुना चष्मा होता.

हेडमास्तरांनी आपली डबी उघडली. आत किल्ली होती. "अजूनही वेंधळाच आहेस," एवढंच ते म्हणाले.

"बरं, ते असो," चष्मेवाल्यांनी विषय बदलला. "गाडी मात्र छान लावलीस. कॅमेऱ्याचा उपयोग होतो म्हणायचा."

"कसला कॅमेरा? आईंनी काय दाबलं कोण जाणे, रिव्हर्सलाही पडद्यावर गाणीच होती. मी आरशात बघून लावली." बायको सेल्समनकडे वळली. "आम्हाला बेस मॉडेल द्या."

चष्मेवाले चपापले. गेला तासभर कसा गेला, ते त्यांना आठवलं. "छे छे, टॉपच घेऊ! अगं, टॉपमध्ये गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दिसतं."

"म्हणूनच नको."

चष्मेवाल्यांनी आशेने आईंकडे पाहिलं. आई म्हणाल्या, "बेसच बरी. तू माझ्याशेजारी मागे बस. मागे पाय छान पसरता येतात."

गाडी मिळण्याच्या दिवशी शोरूममध्ये फोटो निघाला. फोटोत चष्मेवाले मधोमध उभे आहेत, पुठ्ठ्याची सोनेरी किल्ली छातीशी धरून. बायको फोटोत नाही. खरी किल्ली तिने आधीच गाडीला लावली होती आणि ती आत बसून सीट पुढे ओढत होती. आईही मागे जाऊन बसल्या होत्या. चष्मेवाल्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं, तोच नवा चष्मा लावलेला सेल्समन धावत आला.

"साहेब, ती किल्ली परत द्यावी लागते."