हॅरोमियरच्या पहिल्या अर्लची दुसरी कारकीर्द

हॅरोमियरचे नववे अर्ल मंगळवारी वारले, आणि पुढे पुरुष वारस न उरल्यामुळे त्यांची पिढीजात सरदारकी मागे फिरून पहिल्या अर्लकडे गेली. पहिले अर्ल १६४१ साली वारले होते. शुक्रवारी सकाळी ते हजर झाले.

नवव्या अर्लची एकुलती मुलगी विनिफ्रेड अठ्ठावन्न वर्षांची होती. तीस वर्षं जहागिरीचा कारभार तीच बघत होती. कुळांची भांडणं, तुंबलेले चर, गळकं छप्पर, शिवाय वडिलांची औषधं. नवे अर्ल खांद्यावरची माती न झटकताच तिच्या वडिलांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "घरात पुरुष माणूस कोण आहे?"

विनिफ्रेडच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी तिने लंडनची सरदारकी-नोंदणी कचेरी गाठली. तिथले अधिकारी पेलहॅम यांनी मूळ सनद टेबलावर पसरली.

"मेलेला माणूस चालतो?" तिने विचारलं.

"वारस हयात असावा अशी अट सनदेत नाही, बाईसाहेब."

"आणि बाई?"

"वारस पुरुष असावा ही अट मात्र आहे."

"मग सरदारकी कशाबद्दल मिळाली तेही वाचा. राजाला पुरातून पलीकडे नेल्याबद्दल. त्या दिवशी हे गृहस्थ तापाने फणफणले होते. होडी वल्हवली यांच्या बायकोने. काल जेवताना स्वतःच सांगत होते, हसत हसत."

पेलहॅमनी शांतपणे लिहून घेतलं. "नोंद केली. पण बायकोच्या कामगिरीबद्दल नवऱ्याला सरदारकी मिळणं नियमाला धरूनच आहे."

घरी येऊन विनिफ्रेडने किल्ल्यांचा जुडगा अर्लच्या पुढ्यात आदळला आणि गावात दोन खोल्या भाड्याने घेतल्या.

महिन्याभरात छप्पर जास्तच गळू लागलं. कुळं सकाळपासून दारात बसू लागली. अर्लनी कचेरीकडे अर्ज केला की मला थडग्यात परत जाऊ द्यावं. उत्तर आलं, 'आपल्या मृत्यूस हरकत नाही. मात्र त्यानंतर सरदारकी सर्वांत जवळच्या पुरुष वारसाकडे, म्हणजे आपल्याकडेच येईल. तरी तिसऱ्या दिवशी हजर राहावे.'

मग त्यांनी विनिफ्रेडला पत्र धाडलं. 'पोरी, ये आणि हे सगळं सांभाळ.'

तिने ते उभ्यानेच वाचलं. 'पोरी' खोडून वर 'लेडी विनिफ्रेड यांस' असं लिहिलं, आणि पत्र आल्या पावली परत पाठवलं.