कोतवाल दाराबाहेर

"अहो कोतवाल, माझंच नेट गेलंय की सगळ्यांचं गेलंय?"

हिशेबाच्या बाईंनी खुर्चीतूनच विचारलं आणि कोतवालांनी खांद्याला लावलेली बॅग पुन्हा खाली ठेवली. नेमकं आज! आज ते लवकर निघणार होते. लेकीच्या शाळेत नाटक होतं. लेक झाली होती द्वारपाल आणि तिला एकच वाक्य होतं. गेल्या वर्षी ती झाड झाली होती, तेव्हाही ऑफिसात असंच काहीतरी बंद पडलं आणि ते झाड बाबांना फोटोतच बघावं लागलं. त्यावर लेकीने आठवडाभर अबोला धरला होता. यंदा काय वाट्टेल ते झालं तरी जायचंच होतं.

"सगळ्यांचंच गेलंय!" पलीकडच्या टेबलांवरून गलका झाला.

कोतवाल हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे, ऑफिसने ठेवलेलं नाव. घरांचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायचं काम त्यांच्याकडे होतं, आणि त्यातही त्यांचा जीव होता फायरवॉलवर. ऑफिस आणि इंटरनेट यांच्या मधोमध बसवलेली ही एक चपटी पेटी. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर सोडायचं हे ती नियम बघून ठरवते, आणि नियम लिहिणार कोतवाल. माणूस तसा प्रेमळ, पण अपवाद हा शब्द काढला की अंगावर पाल पडल्यासारखा करायचा. हिशेबाच्या बाई जेवणाच्या सुट्टीत स्वेटरचे नमुने बघायला "दोनच मिनिटं सोडा हो" म्हणून गयावया करायच्या. त्यावर ठरलेलं उत्तर यायचं, "आज तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल."

आता काय झालंय हे कोतवालांना एका क्षणात कळलं आणि त्यांना घाम फुटला. आपल्यामागे कोणी घोळ घालू नये म्हणून निघता निघता त्यांनी पेटीला एक जादा नियम दिला होता: 'बाकी सगळ्यांना मनाई'. हा नियम सगळ्यात खाली लिहायचा असतो. पेटी वरून वाचत येते, ज्यांना सोडायचं त्यांना सोडते आणि उरलेल्यांना शेवटी अडवते. घाईघाईत कोतवालांनी तो लिहिला सगळ्यात वर. पेटीने पहिलीच ओळ वाचली आणि झाडून सगळ्यांना अडवलं. त्यात कोतवालही आले. नियम बदलायला ते पेटीत शिरायला गेले, तर पेटी त्यांनाच ओळख दाखवेना.

मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. "नकाशे आजच्या आज गेले पाहिजेत! ते गेल्याशिवाय तुम्ही इथून हलायचं नाही, सांगून ठेवतो."

"बंद करून चालू करून बघा की," हिशेबाच्या बाई म्हणाल्या.

"बाई, ती फायरवॉल आहे. मिक्सर नाही!" कोतवाल खेकसले.

उपाय अगदी सोपा होता. पेटीच्या खोलीत जायचं, लॅपटॉपची वायर थेट पेटीत खुपसायची आणि नियम पुसून टाकायचा. कोतवाल खोलीपाशी गेले, दाराला कार्ड लावलं. लाल दिवा. शर्टाला पुसून पुन्हा लावलं. पुन्हा लाल दिवा.

"आता काय?" साहेब मागेच उभे होते.

"कार्ड खरं की खोटं, हे कुलूप इंटरनेटवर विचारून ठरवतं, साहेब."

"आणि इंटरनेट?"

"ते आत आहे."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. "जुन्या कुलपाची किल्ली कुठाय?"

"कुलूपच काढून टाकलं ना. लोक आत छत्र्या वाळत घालायचे. किल्ली कोणाच्याही हातात पडायची."

"मग आता बरं झालं! कोणाच्याच हातात नाही!"

कोतवालांनी कुलूपवाल्या कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, "दार इथून उघडता येईल, सर. फक्त विनंती तुमच्या ऑफिसच्या नेटवर्कवरूनच यायला हवी."

"अहो, ते बंद पडलंय म्हणून तर फोन केलाय! हा मूर्खपणा ठरवला कोणी?"

"तुम्हीच, सर. तुमची खास सूचना आहे."

कोतवालांनी फोन ठेवला, तर लगेच पुन्हा वाजला. लेक होती. "बाबा, निघालात?"

"हा काय, निघालोच."

"थापा! मागे सगळे ओरडताहेत."

"नाही गं राणी, शप्पथ. येतो म्हणजे येतो."

तिने फोन ठेवला आणि कोतवालांना एकदम आठवलं. वीज गेली की ते कुलूप आपोआप उघडतं, आग लागली तर कोणी आत अडकू नये म्हणून! ते धावतच जिन्यापाशी गेले आणि कोणाला काही सांगायच्या आत त्यांनी मेन स्विच खाली ओढला.

सगळं ऑफिस काळं झालं. "अहो, सेव्ह नव्हतं केलं!" असा आक्रोश झाला. दार मात्र खट्कन उघडलं. कोतवाल मोबाइलच्या उजेडात आत शिरले, पेटीत वायर खुपसली आणि वाट बघत बसले. पेटी ढिम्म. वीजच नाही म्हटल्यावर ती तरी काय करणार? कोतवालांनी कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आल्यासारखा आला. "अरे, कोणी आहे का रे? मी आहे!" साहेब नेमके चहा प्यायला खाली निघाले होते आणि लिफ्टमध्ये अडकले होते.

कोतवाल पळत गेले, स्विच वर केला. दिवे लागले, लिफ्ट हलली, पेटी आळस देत जागी झाली. आणि कोतवाल परत लॅपटॉपपाशी पोचायच्या आतच बाहेरून ओरडा झाला, "आलं! आलं!"

निघायच्या घाईत त्यांनीही सेव्ह केलं नव्हतं. पेटी बंद पडली आणि तो नवा नियम साफ विसरून गेली.

"मिक्सरच निघाला की हो!" हिशेबाच्या बाई म्हणाल्या.

"वीज कोणी घालवली?" साहेब लिफ्टमधून लालबुंद होऊन बाहेर पडले. पण नकाशे गेले होते, आणि जिन्यावरून कोतवालही.

शाळेच्या हॉलचं दार बंद होतं. दाराशी स्टुलावर एक शिक्षिका बसल्या होत्या.

"नाटक सुरू झालंय. दार उघडलं की आत उजेड जातो आणि मुलं वाक्यं विसरतात. आता कोणालाच सोडत नाही."

"दोनच मिनिटं सोडा हो," कोतवालांच्या तोंडून गेलं.

"आज तुम्हाला सोडलं तर सगळ्यांना सोडावं लागेल."

"पण माझी मुलगी आहे आत!"

"आत सगळ्यांचीच आहेत."

इतकी वर्षं कोतवाल स्वतःच 'सगळ्यांना सोडावं लागेल' हे वाक्य लोकांच्या तोंडावर फेकत आले होते. त्यावर काय बोलायचं असतं, ते त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. शेवटी त्यांनी दाराला कान लावला.

आत भाला आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ एक खणखणीत आवाज दार भेदून बाहेर आला.

"थांबा! परवानगीशिवाय आत कोणी जायचं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

"कोणाची हो ही?" शिक्षिकांनी कौतुकाने विचारलं.

"माझी," कोतवाल म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

नाटक संपल्यावर लेक मिशा तशाच ठेवून, भाला सांभाळत बाहेर आली. बाबांना दाराशी बघून थबकली.

"ऐकू आलं का?"

"शब्द न् शब्द."

"मग आत का नाही आलात?"

"कसा येणार?" कोतवाल म्हणाले. "तूच नको म्हणालीस ना."