एका मताचे आमदार

पांगरखेड मतदारसंघातून त्रिंबकराव सोनटक्के एका मताने निवडून आले; म्हणजे त्यांना मिळालेच एकूण एक मत, आणि त्या एका मतदाराचे ते आमदार झाले.

कायदाच तसा आहे. ज्याला जितकी मते, तितक्या माणसांचा तो आमदार. रणधीर भोसीकर एक्क्याण्णव हजार चारशे सहा माणसांचे आमदार झाले, त्यांच्या खालोखालचे अडुसष्ट हजारांचे, आणि असे उतरत उतरत शेवटी अडकित्ता या चिन्हावर उभे राहिलेले त्रिंबकराव. निकालानंतर महिनाभरात प्रत्येक मतदाराने तहसील कचेरीत जाऊन आपण कोणाला मत दिले ते सांगायचे आणि त्या आमदाराच्या नावाची चिठ्ठी घ्यायची. मतदान गुप्तच असते. पण खिडकीला काच असल्यामुळे नाव मोठ्याने सांगावे लागते.

त्रिंबकराव पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षे कालव्याच्या कडेने सायकल मारली, शिव्या खाल्ल्या, पण कोणाची पाण्याची पाळी चुकवली नाही. माणूस सरळ, असा गावात लौकिक. त्या लौकिकाच्या भरवशावरच ते उभे राहिले. हातगाडीवर भोंगा बांधून त्यांनी अकरा सभा घेतल्या, आणि प्रत्येक सभेच्या शेवटी ते म्हणत, "मला कोणी मत देवो न देवो, मी स्वतः मला देणार आहे. ज्याचा स्वतःवर विश्वास नाही, त्याने तुमच्या दारात येऊ नये."

मतदानाच्या दिवशी ते पडद्याआड गेले. बोट अडकित्त्यापाशी नेले. सकाळपासून हॉटेलात, पारावर, न्हाव्याकडे एकच बोलणे चालले होते, की येणार तर भोसीकरच. त्रिंबकरावांच्या मनात आले, आपले मत वाया जाणार. पाण्याचा थेंब वाया गेला तरी ज्यांचा जीव खालीवर व्हायचा, त्यांना ते सोसवेना. बोट तसेच वर सरकले. यंत्र वाजले. बाहेर आल्यावर त्यांनी बोटाची शाई फोटोवाल्याला दाखवली आणि हसलेही.

निकाल लागला, तेव्हा सगळ्या गावाने एकच अर्थ काढला, की एक मत म्हणजे त्यांचे स्वतःचे. लोक हसले, पण फार नाही. त्यांच्या पत्नी पद्मिनीबाईंनी दुसऱ्याच पक्षाला मत दिले होते आणि त्याची चिठ्ठी देवघरात ठेवली होती.

"तुम्ही माझ्याकडे मागितलंच नाही," त्या म्हणाल्या. "पण बोललात तसं वागलात, याचं बरं वाटलं."

ते मत कोणाचे होते, हे त्रिंबकरावांना ठाऊक नव्हते. आपले नव्हते, एवढेच ठाऊक होते.

आठव्या दिवशी नायब तहसीलदार लोमटे मॅडमनी त्यांना बोलावून घेतले. समोर दोन कागद ठेवले.

"मतदार तुम्हीच असाल तर हा नमुना अठरा. स्वतःचं प्रतिनिधित्व. यात काम काही नसतं. मतदार दुसरा कोणी असेल तर नमुना एकोणीस. मग मात्र पाच वर्षं त्याची कामं करावी लागतात."

मागे रांग होती. रांगेत त्यांच्या सभांना आलेली चार माणसे होती. त्रिंबकरावांनी नमुना अठरावर सही केली.

त्यानंतर अडीच आठवड्यांनी एक बाई त्यांच्या दारात आली. वय पंचेचाळीसच्या आसपास. भोई गल्लीतली पिठाची गिरणी चालवणाऱ्या अनसूया खिल्लारे.

"साहेब, एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मतं किती पडली?"

"एक."

"तेच तर. दोन पाहिजे होती. एक कुठं गेलं?"

पद्मिनीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या आणि तिथेच थांबल्या.

अनसूयाबाईंनी सगळे सांगितले. गिरणीजवळच्या खांबावरची तार तुटली होती. लाईनमन आला, त्याने यादी पाहिली आणि शिडी उचलून परत गेला. यादीत त्यांना आमदारच नव्हता. ज्याला आमदार नाही त्याच्या खांबावर चढता येत नाही. त्या तहसिलीत गेल्या. तिथे कळले, की अडकित्त्याचे एकच मत होते आणि ते सोनटक्के साहेबांच्या स्वतःच्या नावावर चढले आहे. तेव्हा बाईंनी मतच दिलेले नाही. बोटावरची शाई दाखवली, तर खिडकीवरचा कारकून म्हणाला, घासून पाहा, निघेल.

"तेरा दिवस गिरणी बंद आहे. लोकांचे डबे तसेच पडलेत. माझं मत हरवलं, साहेब. तुम्ही आमच्या गल्लीत बोललात ना, मी मला देणार म्हणून? मी पट्टा लावता लावता ऐकत होते. म्हटलं, माणूस एकटा पडंल. एकाचे दोन तरी होतील. म्हणून दिलं. तुमचं तर मोजलं, मग माझंच कसं गेलं?"

"यंत्रात होतं कधी कधी," त्रिंबकराव म्हणाले. "मी बघतो."

बाईंनी हात जोडले आणि त्या गेल्या. एवढ्या उन्हात त्या चालत आल्या होत्या, हे त्रिंबकरावांना त्या कोपऱ्यावर वळल्यावर लक्षात आले. त्यांनी मागे पाहिले. पद्मिनीबाई अजून तांब्या धरून उभ्या होत्या.

"तिचं मोजलंय," त्या म्हणाल्या. "हो ना?"

त्रिंबकरावांनी मान खाली घातली. पद्मिनीबाई आत गेल्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी आतून नुसती टोपी आणून दिली.

तहसिलीत त्या दिवशी रांग मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती, कारण चिठ्ठ्यांची मुदत संपत होती. अनसूयाबाई बाकावर बसल्या होत्या. घरी जाऊन करायचे काय, म्हणून त्या परत तिथेच आल्या होत्या. त्रिंबकराव रांगेत उभे राहिले. पुढच्या माणसाने ओळखून "आमदारसाहेब, तुम्ही जा पुढं" म्हणून वाट करून दिली, तेव्हा जमीन दुभंगेल तर बरे, असे त्यांना झाले.

"मला नमुना अठरा मागे घ्यायचा आहे," ते काचेला तोंड लावून म्हणाले.

लोमटे मॅडमनी वही उघडली. "बरं झालं आलात. भोसीकर साहेबांची एक चिठ्ठी शिल्लक राहते आहे, आणि इकडे एक बाई शिल्लक आहेत. बेरीज बरोबर येते, पण नमुन्यात बसत नव्हती. कारण काय लिहू?"

"मत माझं नव्हतं."

"ते कळलं. मग तुमचं मत कोणाला, ते लिहावं लागेल."

त्रिंबकरावांनी सांगितले.

"ऐकू येत नाही."

"रणधीर भोसीकर!"

रांग गप्प झाली. देवळापाशी उभ्या असलेल्यांनी पुढच्यांना विचारले, काय झाले. आणि पुढच्यांनी मागच्यांना सांगत सांगत ते तिथवर पोचवले. त्रिंबकरावांना प्रत्येक माणसाच्या तोंडून ते पुढे जाताना ऐकू येत होते. लोमटे मॅडमनी भोसीकरांच्या नावाची हिरवी चिठ्ठी काचेखालून सरकवली. "तुमचे आमदार. काम असेल तर गुरुवारी भेटतात. नंबर लावावा लागतो." मग त्यांनी नमुना एकोणीस काढला. "आणि या तुमच्या मतदार."

अनसूयाबाई बाकावरून उठून आल्या. त्यांनी त्रिंबकरावांकडे पाहिले, हिरव्या चिठ्ठीकडे पाहिले.

"म्हणजे माझं एकटीचंच होतं," त्या म्हणाल्या.

"हो, ताई."

"आणि सकाळी म्हणालात, यंत्रात होतं."

"हो."

लोमटे मॅडमनी दाखवलेल्या जागी अनसूयाबाईंनी सही केली, शेजारी त्रिंबकरावांनी केली. संध्याकाळच्या आत लाईनमन खांबावर चढला. गिरणीचा पट्टा फिरू लागला तेव्हा डबे घेऊन आलेल्या बायकांनी आमदारसाहेबांना बसायला पोते दिले. ते बसले नाहीत.

एकोणीस नमुन्याप्रमाणे आमदाराने दर सोमवारी आपल्या मतदारांसमोर अधिवेशन घ्यायचे असते. ते गिरणीत भरते. अनसूयाबाई प्रश्न विचारतात, त्रिंबकराव उभे राहून उत्तरे देतात. पहिल्याच महिन्यात गटारावर फरशी आली, रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त झाले, आणि गल्लीच्या तोंडाचा खड्डा त्यांनी स्वतः घमेल्याने बुजवला. कामाला ते चुकत नाहीत.

पण कायद्याने मतदारांना अविश्वास ठराव मांडण्याचाही हक्क आहे आणि तो साध्या बहुमताने मंजूर होतो. पहिल्या सोमवारी, कामकाज संपता संपता, अनसूयाबाईंनी तो मांडला. गिरणी बंद केली, हातावरचे पीठ झटकले आणि वाचून दाखवला. सभागृहाचा या आमदारावर विश्वास नाही, एवढाच तो होता. त्रिंबकराव उभेच होते.

"यावर तुम्हाला काही बोलायचंय?"

"नाही."

बाहेर दोन बायका डबे घेऊन थांबल्या होत्या.

"मग ठराव पुढच्या सोमवारपर्यंत तहकूब," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी गिरणी चालू केली.

तेव्हापासून दर सोमवारी तो मांडला जातो. त्रिंबकराव उभे राहतात, काही बोलायचे नाही असे सांगतात, ठराव तहकूब होतो, आणि ते सभागृहाचे आभार मानून घरी जातात.